पार उंचवट्यापर्यंत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, मुलींना नाही. देवापुढे बसले तरी म्हणायचे, देवाला वेगळं काय सांगायचं, त्याला ठाऊकच असेल – आणि तिथेही टाळायचे. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलेलं. पण लिहायला बसले आणि आधी चहा करून आले. मग दोरीवरचे कपडे काढून घड्या घातल्या. आता घरात आवरायला काही उरलेलं नाही.

मोटारींपासून सुरुवात करते. मोटारींबद्दल मी कितीही बोलू शकते – आणि खरं सांगायचं तर तेवढाच वेळ जरा पुढे ढकलला जातो.

ठाण्याला टेंभी नाक्याच्या मागच्या अंगाला अण्णांचं गॅरेज होतं. आमचे हे तिथे फिटर. स्वातंत्र्य मिळालं, साहेब लोक बोटीत बसून निघून गेले, आणि त्यांच्या जुन्या मोटारी मागे राहिल्या. कुठे बंगल्याच्या तबेल्यात, कुठे आंब्याखाली, आत कोंबड्या अंडी घालताहेत अशा. लोक नवी गाडी बघायला गर्दी करायचे आणि अण्णा आपले स्वतःच्या वयाच्या मोटारी शोधत फिरायचे. आणायचे, खोलायचे, हे रात्रंदिवस त्यांच्यासोबत खपायचे, आणि एक दिवस ती वस्तू नाक्यावरून फटफट करत जायची. पोरं मागे धावायची.

अशा तीन होत्या. पहिली म्हातारी – पितळेचे दिवे, कापडी टप, बाहेरच्या बाजूला रबरी भोंगा. दुसरी काळी, तिला दुसरं काही नावच सुचलं नाही. आणि तिसरा बोकड. बोकड का, तर चढावर खोकायचा आणि गिअर टाकला की ढुशी मारायचा. मला बोकड आवडायचा. कुणी आपल्यावर फार आशा ठेवलेली नाही हे माहीत असल्यासारखा चालायचा.

म्हातारी चालवायचा गणपत. आता याच्याबद्दल नीट सांगायला हवं.

गणपत माझ्या माहेरचा, कोपरचा. तेव्हाचं कोपर म्हणजे काय – खाडी, खाजण, आणि डोळे दिपवणारी मिठागरं. आम्ही आगरी लोक, मीठ पिकवणारे. गणपत शेजारच्या घरातला, आईविना वाढलेला, म्हणून आमच्याच ओट्यावर जेवलेला. माझ्यापेक्षा लहान, मला ताय म्हणायचा. मी लग्न होऊन ठाण्याला आले, पुढे तो एकदा मला भेटायला आला आणि गॅरेजच्या दारात उभा राहिला तो तिथून हलेचना. मी ह्यांच्या मागे लागले, ह्यांनी अण्णांच्या कानावर घातलं. आधी मोटारी धुवायला राहिला. मग हँडल मारायला. मग एक दिवस अण्णांनी त्याला चाकामागे बसवलं आणि म्हणाले, हा पोरगा इंजिनाशी बोलतो.

खरंच बोलायचा. म्हातारी बिघडली की बॉनेटवर कान टेकायचा. काय दुखतंय ते तिलाच विचारायचा. आणि बहुतेक वेळा त्याला कळायचं.

अण्णांनी त्याला कबूल केलेलं – कच्छची सफर नीट पार पडू दे, परत आलो की नवी लॉरी तुझ्या हातात. गणपतने हे कोपरभर केलेलं. कळव्याकडची एक मुलगी, चंद्रा, तिच्या घरी बोलणी चालू होती. तिच्या बापाला मुलगा मिठागरातला नको होता, ड्रायव्हर हवा होता. आता कळलं ना, त्या सफरीवर त्याचं काय काय बांधलेलं होतं? मला हे सगळं माहीत होतं. नंतर कळलं असं नाही. आधीपासून.

आणि माझं काय बांधलेलं होतं? हसू नका. माझी साडी.

ठाण्याच्या चाळीत आले तेव्हा मी गुडघ्यापर्यंत लुगडं नेसायचे, कमरेत घट्ट खोचलेलं, जसं आमच्याकडे मिठात काम करणाऱ्या बायका नेसतात. शेजारणी बघायच्या. कुणी काही बोललं नाही, बघायच्या फक्त. मी पाचवारी घोट्यापर्यंत नेसायला शिकले. 'हाय'चं 'आहे' केलं, 'नाय'चं 'नाही' केलं. किराणा ज्या कागदात यायचा तो कागद पुसून वाचायला लागले. अक्षर अक्षर लावत. शाळेत कधी गेले नव्हते. अण्णांच्या बायको मालतीबाई शाळेत शिकवायच्या. एकदा त्यांनी मला डाळीच्या पुडीचा कागद वाचताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन आल्या. मग दर पंधरवड्याला एक. त्या एकदा म्हणाल्या, "यमुनाबाई, तुम्ही किती शुद्ध बोलता." हे वाक्य मी जपून ठेवलेलं. इतकं जपलेलं की ते खोटं ठरेल अशी प्रत्येक गोष्ट मला नकोशी व्हायला लागली. माझ्या बापाचं नाव कुणी विचारलं तरी मी विषय बदलायचे. बाप माझा मिठागरात नावाजलेला माणूस, आणि मला त्याची लाज. ठाण्याला आला तर मी त्याला मागच्या दाराने घ्यायचे – म्हणायचे, पुढे ओलं आहे.

असो. सफर.

वेलजीभाई म्हणून अण्णांचे लाकडाचे व्यापारी मित्र, मूळ कच्छचे. त्यांच्या मुलीचं लग्न गावाकडे. ते आगगाडीने पुढे गेले. अण्णा म्हणाले, आपण मोटारींनी जायचं, तिन्ही घेऊन, आणि थेट रणातून वऱ्हाड न्यायचं. अण्णांचे एक डॉक्टर मित्र होते, त्यांना फोटो काढायचा नाद. ते काळी चालवणार होते. हे बोकड. गणपत म्हातारी. बायका दोघीच, मालतीबाई आणि मी. मी जाणार म्हटल्यावर चाळीत दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही, इतका हेवा.

सुखाचे दिवस होते हो ते. भिवंडीवरून वर मनोरला निघालो, तिथून गुजरातेत. बोकड वाटेत तीनदा रुसला. ज्या गावात थांबू तिथे माणसं जमायची, म्हातारीचा भोंगा दाबून बघायची. एका गावात एका आजीबाईंनी तिच्या दिव्यांना हळदकुंकूच लावलं, आणि गणपतने ते शेवटपर्यंत पुसू दिलं नाही. मालतीबाई कविता म्हणायच्या. मी भाकऱ्यांचं गाठोडं सांभाळायचे. आणि सगळ्यात काय सुख होतं सांगू – मी त्यांच्यातली होते. टपाखाली बसलेली, डोळ्यांवर मालतीबाईंचा काळा चष्मा, शुद्ध बोलणारी.

मग रण आलं.

माघ संपत आलेला. तुम्ही रण पाहिलंय का? पाहिलं नसेल तर कसं सांगू. जमीन संपते. म्हणजे जमीन असते, पण जमिनीसारखं काही नसतं तिच्यावर. झाड नाही, दगड नाही, पाखरू नाही. पांढरं. आणि त्याच्यावर ऊन. आणि मला – मला ते ओळखीचं वाटलं. आमची मिठागरं कुणी आडवी-उभी ओढून आकाशापर्यंत नेली असती तर अशीच दिसली असती.

रणाच्या काठावर मीठ पिकवणाऱ्यांच्या झोपड्या होत्या. अण्णांनी त्यांना वाट विचारली. त्यांनी बैलगाड्यांच्या चाकोरीकडे बोट दाखवलं, ती लांबून वळसा घालून जात होती. समोर, सरळ, दूर मातीचा एक उंचवटा दिसत होता आणि त्याच्या पलीकडे म्हणे पक्की वाट. मधे नुसतं पांढरं. सरळ गेलं तर लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पोचलो असतो. वळशाने गेलो तर लग्न लागून गेलेलं असतं.

तेव्हा डॉक्टर बोलले. सहज बोलले, मनात काही नव्हतं त्यांच्या. "अहो अण्णा, या लोकांना इथे अगरिया म्हणतात. आणि आपल्या यमुनाबाई आगरी. म्हणजे घरचंच की. त्यांनाच विचारा ना मिठाचं."

सगळे हसले. मीही हसले. आणि मालतीबाई माझ्याकडे वळून नवलाने म्हणाल्या, अगंबाई, खरंच का? त्यांना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कळू दिलेलं नव्हतं. डॉक्टरांना कुठून कळलेलं कोण जाणे – ह्यांनीच बोलता बोलता सांगितलं असेल. ह्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटायचंच नाही.

गणपत म्हातारीच्या बॉनेटमध्ये वाकलेला होता. इंजिन मिठाच्या धुळीने चोंदत होतं, बंद केलं तर परत सुरू होईल याची खात्री नव्हती, म्हणून तो तिथून हलू शकत नव्हता. तिथूनच मान वर करून अभिमानाने म्हणाला, "तायच्या टाचंला कलतं. आख्ख्या कोपरला इचारा."

ते काय ते सांगते. मिठागरात पाणी घेण्याआधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवावा लागतो. रोज तुडवायचा, दिवसेंदिवस, तेव्हा तो चिखलाचा फरशीसारखा होतो. तळ कच्चा राहिला तर मिठात माती येते, पीक जातं. तळ झाला की नाही हे बघायचं टाचेने. उभं राहायचं, टाच आपटायची, आणि आवाज ऐकायचा – कानाने नव्हे, गुडघ्याने. पक्का तळ उलटा ठोसा देतो. कच्चा तळ आवाज गिळतो. माझा बाप शेवटची टाच माझ्याकडून मारून घ्यायचा. लहान होते, तरी बाकीचे वाफेवालेही मला बोलवायचे. खरंच होतं ते. गणपत खोटं बोलत नव्हता.

अण्णांना ते फारच आवडलं. म्हणाले, यमुनाबाई, जरा पार उंचवट्यापर्यंत चालून या, तुम्ही म्हणाल तसं करू. विचार करा, तीन मोटारींचा मालक, शिकला-सवरलेला, माझ्या शब्दावर चालायला तयार. मला आनंद व्हायला हवा होता ना?

चपला काढल्या आणि निघाले. काठाला जमीन टणक होती. टाच मारली, ठोसा आला. पण घोट्यापर्यंतच्या साडीत चालता येईना, मिठाचे पापुद्रे टोचत होते, काठ भिजत होता. मी थांबले आणि साडी वर खोचली. गुडघ्यापर्यंत. आपोआप. हातांना ते काही विसरलेलं नव्हतं. चालले, टाच, परत चालले, टाच. वारा होता. खरं सांगते, थोडा वेळ फार बरं वाटलं. लहानपणानंतर पहिल्यांदा.

अर्ध्यावर आवाज बदलला.

टाच मारली आणि जमिनीने ती गिळली. फार नाही, जरा. वरून सगळं तसंच, पांढरं, कडक, चकचकीत. पण खाली कच्चं. आमच्याकडे असं लागलं की पुढे आणखी पाच-सहा टाचा मारायच्या, चारी बाजूंना, कच्चं कुठवर आहे ते बघायचं. मी एक पाय पुढे टाकला.

आणि मागून हसण्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर डॉक्टर कॅमेरा डोळ्याला लावून उभे. काहीतरी म्हणत होते – मिठागराची राणी असं काहीसं, वाऱ्यावरून आलं. मालतीबाई हात कपाळावर धरून बघत होत्या. त्या हसत होत्या की ऊन लागत होतं म्हणून तोंड तसं झालेलं, ते मला आजही माहीत नाही. मला तेवढ्या लांबून मी दिसले. त्यांच्या डोळ्यांनी दिसले. उघड्या पोटऱ्यांची, पाय आपटत चाललेली एक मिठागरातली बाई.

मी साडी खाली सोडली. झटकली. आणि परत फिरले.

परत येईतो अण्णा आणि बाकीचे मागे काळीपाशी सामान चढवायला गेलेले. मी म्हातारीपाशी गेले. इंजिन एवढं खडखडत होतं की ओरडून बोलावं लागत होतं. गणपतने बॉनेटवरून विचारलं, "पार थंपावत बघलास ना गो ताय? पक्की हाय?"

मी म्हणाले, "हो. पार उंचवट्यापर्यंत. सरळ जा."

हे पहिलं. अजून दुसरं आहे. पहिलं तरी – नाही, तेही काही कमी नाही.

म्हातारी पुढे निघाली, शेजारी अण्णा, दिव्यांवर ते हळदकुंकू. मी काळीत मालतीबाईंजवळ बसून बघत होते. अर्ध्यापर्यंत नीट गेली. मला वाटलं, जाईल. वेगात जाईल, कळणारही नाही. मग ती जराशी वाकली, जसं माणूस खांद्यावरचं ओझं सावरायला वाकतं, आणि बसली. पुढची चाकं आत. पांढऱ्याखालून काळा चिखल वर आला. वास आला त्याचा इथवर. आमच्या खाजणाचा वास. कोपरचा.

डॉक्टर काळी घेऊन दोर बांधून ओढायला गेले. मागची चाकं तिचीही गेली. बोकड तेवढा काठावर राहिला. ह्यांनी शहाणपणाने तो पुढे घातलाच नाही, उलटा फिरवला आणि माणसं, उंट, जे मिळेल ते आणायला झोपड्यांकडे निघून गेले. राहिलो आम्ही पाच जण, दोन रुतलेल्या मोटारी, आणि ते ऊन.

चहूकडे मोकळं असूनही माणूस असा कोंडला जाऊ शकतो हे मला तिथे कळलं. भिंत नाही, दार नाही, कुठेही चालत जा म्हटलं तर जाता येतंय – पण जाणार कुठे? काळीच्या सावलीत मालतीबाई आणि मी चिकटून बसलेलो. सावली सरकली की आम्ही सरकायचो. गणपत चाकांखाली घालायला सतरंज्या, पेट्यांची झाकणं, लग्नात द्यायला आणलेली शालसुद्धा मागून नेत होता. एकेक वस्तू त्या चिखलात गडप. कोपरापर्यंत हात काळे. तोंडाने म्हातारीशी बोलत होता – चल गो बाय, चल, थोडासा. मग चाकांचा आस मोडल्याचा आवाज झाला. त्यानंतर तो बोलायचा थांबला.

अण्णा आले. संतापी नव्हते ते, पण आवाज कापत होता. म्हातारीवर त्यांचा जीव होता. गणपतला म्हणाले, कुणाला विचारून सरळ घातलीस? आणि मग त्यांना आठवलं. माझ्याकडे वळले. "यमुनाबाई, तुम्ही पाहिलं होतंत ना?"

मालतीबाईंचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता. तो किंचित बाजूला झाला असं मला वाटलं. झाला की नाही, देव जाणे.

मी म्हणाले, "मी त्याला सांगितलं होतं, पुढे कच्चं आहे. उंचवट्याच्या डावीकडून घाल, असं सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही."

अगदी शुद्ध बोलले. एकही शब्द चुकला नाही.

गणपत चाकापाशी गुडघ्यांवर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्याने असं पाहिलं, जसं तो बिघडलेल्या इंजिनाकडे पाहायचा – कान जरा कलता करून. काहीतरी परत ऐकत असल्यासारखा. फार वेळ. मग मान खाली घातली आणि म्हणाला, "व्हय. चूक झाली माझी."

बस्. एवढंच. मी तेव्हा बोलू शकत होते. बोकड परत यायला दुपार टळली. तेवढा सगळा वेळ मी त्याच्यापासून हाक मारण्याच्या अंतरावर बसलेली होते. सावलीबरोबर सरकत.

संध्याकाळी उंट आले, माणसं आली, त्यांनी काळी काढली. म्हातारी निघाली नाही. तिथेच सोडावी लागली. पावसाळ्यात ते सगळं समुद्र होतं म्हणतात. लग्न चुकलं. परतीच्या वाटेत कविता नव्हत्या. गणपत बोकडाच्या मागच्या बाजूला सामानावर बसून आला, आमच्याकडे पाठ करून. एकदा हे मला म्हणाले, डावीकडे तर सगळं तसंच पांढरं होतं, तू डावीकडून का सांगितलंस? मी म्हणाले, मला तसं वाटलं. ह्यांनी पुढे कधी विचारलं नाही. संसार केला आम्ही चांगला, पण ते न विचारणं घरात राहायचं. कपाटाआड काही पडलेलं असावं आणि कुणीच वाकून काढू नये, तसं.

लॉरी दुसऱ्याला मिळाली. अण्णांनी गणपतला काढलं नाही हं. ते म्हणाले, राहा, पण चाकावर हात ठेवायचा नाही. तो परत मोटारी धुवायला लागला. आणि गॅरेजमधल्या पोरांनी त्याचं नाव पाडलं – डावीकडून. काय रे डावीकडून, पाना आण. डावीकडून, चहा सांग. मी ह्यांचा डबा द्यायला जायचे तेव्हा ऐकू यायचं. माझ्या तोंडून निघालेला शब्द, आणि तो नाक्यावर माणूस होऊन फिरतोय. डबा मग मी शेजारच्या मुलाबरोबर पाठवायला लागले. माझं घर गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर, आणि मी लांबच्या गल्लीतून बाजाराला जायचे.

मालतीबाई पुस्तकं आणत राहिल्या. माझ्या माहेरचं कळल्यावर त्या मला आणखीच मानायला लागल्या, कौतुकाने मिठाचं विचारायच्या. म्हणजे बघा – ज्याची भीती होती तसं काही नव्हतंच. ज्यासाठी केलं ते मुळातच नव्हतं. आणि तरी मी त्यांना सांगू शकले नाही. आता सांगायचं म्हणजे पोटऱ्या दाखवण्यापेक्षा भलतंच काही दाखवायला लागलं असतं. एकदा त्या म्हणाल्या, त्या मुलाने तुमचं ऐकलं असतं तर. मी चहात साखर घातली. आधीच घातलेली होती, तरी घातली.

वर्षाच्या आत गणपत कोपरला परत गेला. मिठागरात. चंद्राच्या बापाने मोडता घातलेला, पण चंद्रा हटली नाही, लग्न झालं. मी अहेर पाठवला, गेले नाही. पुढे माहेरी जायचे तेव्हा तो भेटायचा. कधी टाकून बोलला नाही. "ताय, बरी हास ना?" विचारायचा, दारात मीठ ठेवून जायचा. मला वाटायचं, याला सगळं ठाऊक आहे आणि हा मला सांभाळून घेतोय. माझी अब्रू झाकतोय. माझ्या बापाच्या ओट्यावर जेवलेलं फेडतोय. वर्षानुवर्षं मी तेच धरून बसले. त्यात एक आधार होता, सांगायला लाज वाटते, पण होता. निदान खरं काय ते आम्हा दोघांना माहीत आहे. निदान तो मला ओळखून आहे. कधीतरी दोघंच असू तेव्हा मी म्हणेन, आणि तो म्हणेल, जाऊ दे गो.

गेल्या वर्षी तो गेला. बाराव्याला मी कोपरला गेले. आता तिथे मीठ नाही, सगळ्या इमारती. चंद्रा लिफ्टपर्यंत मला न्यायला आली. दोघी बसलो. ती त्याच्याबद्दल बोलत होती, रडून झालेलं होतं तिचं, आता नुसत्या आठवणी. हसत हसत सांगत होती. म्हणाली, "मोटारीची हौस मेली नाय त्यांची. पण चाकाला हात नाय लावला परत. पोरानं टेम्पो घेतला, तवा पन नाय. मनायचं, माझं कान खोटं हान. तायनं डावीकडून सांगितलं आन मला सरल जा आयकू आलं."

मी विचारलं, असं म्हणायचा तो?

"मग? जल्मभर. मी साधं भाजी आन म्हटलं तरी दोनदा इचारायचं. हेच बोललीस ना गो चंद्रा? नक्की ना? पोरं चिडवायची त्यांना."

त्याने मला झाकलेलं नव्हतंच. त्याने माझ्यावर विश्वास ठेवलेला. ताय खोटं बोलणार नाही, म्हणजे आपणच चुकीचं ऐकलं – एवढा साधा हिशोब त्याने त्या चिखलात गुडघ्यांवर बसून केला, आणि उठला तो तसाच. इंजिनाच्या आवाजातून दुखणं ऐकणारा माणूस.

चंद्राने चहा टाकला. मी प्यायले. तिला काही सांगितलं नाही. ती मला खाली सोडायला आली, मी रिक्षात बसले, तिने हात हलवला. मीही हलवला.

गणपतचे कान चांगले होते. त्या खडखडाटातही त्याने बरोबर ऐकलेलं. मी सरळ जा म्हणाले होते.